हप्त्याला कॉकपिटमध्ये बसवू नकोस

पत्र

सर, मी २९ वर्षांचा. घर कर्वेनगरला, बेस हैदराबाद. चार वर्षं एटीआर ७२ या टर्बोप्रॉप (पंख्याच्या) विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. सीपीएलचा (कमर्शियल पायलट लायसन्सचा) खर्च आणि नंतर नोकरीची वाट बघण्यात गेलेल्या दोन वर्षांचं व्याज मिळून ६२ लाखांचं कर्ज झालं. राहतं घर तारण आहे. व्याज ११ टक्के, मुदत १२ वर्षं, हप्ता ७८ हजार. उड्डाणाचे तास चांगले मिळाले तर हातात दीड लाख येतो, नाही मिळाले तर सव्वा लाखाच्याही खाली. टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवण्याची पात्रता) कंपनीनं करून दिलं. त्याच्या पाच वर्षांच्या बाँडचं एक वर्ष बाकी आहे, मोडला तर ९ लाख भरायचे.

आता दुसऱ्या कंपनीकडून ए-३२० जेटची ऑफर आहे. पगार ४० हजारांनी जास्त, पण टाइप रेटिंगचे २० लाख माझे आणि सीनियॉरिटी पहिल्यापासून. इथे वर्ष-दीड वर्षात कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळेल असं म्हणतात, त्यानंतर पगार दुपटीच्या पुढे जातो. पण माझ्यानंतर सीपीएल झालेले मित्र जेटवर गेले आणि मी अजून इथेच. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत, ते एफडी मोडायला तयार आहेत. आईनं माझ्या बायोडाटात 'वार्षिक पॅकेज २५ लाख' असं लिहिलंय. एक स्थळ जमत आलंय, दिवाळीनंतर साखरपुडा करायचं चाललंय. खरे आकडे घरात कुणालाच माहीत नाहीत.

मागच्या महिन्यात सलग चौथ्या दिवशी सकाळी सव्वासहाचं रिपोर्टिंग होतं, म्हणजे चारला उठणं. उतरण्याआधी अप्रोचला कॅप्टननी फ्लॅप (पंखांच्या मागचे हलते भाग) मागितले ते मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाले तेव्हा हात हलला. काही झालं नाही. मी रिपोर्ट केलं नाही, कमांडच्या आधी नावावर काही नको म्हणून. ऑफर घेऊ का?

— कर्वेनगरचा एफओ

उत्तर

तुला अरे-तुरे करतो. मी कॅप्टन असताना तुझ्या वयाची किती तरी मुलं माझ्या उजवीकडे, को-पायलटच्या सीटवर, बसून गेली, त्यांच्याशी मी असाच बोलायचो.

तुझा प्रश्न पत्राच्या शेवटच्या तीन शब्दांत आहे, पण मी अडकलो त्याच्या आधीच्या ओळींवर. ऑफरचं बोलू. आधी फ्लॅपचं बोलायचंय.

'काही झालं नाही' असं तू लिहितोस. झालं ना. जमिनीच्या जवळ, जिथे दोघांचे कान आणि हात एकाच तालात चालायला हवेत, तिथे तुझा कान काही सेकंद बंद होता. कॅप्टन जागा होता म्हणून निभावलं. तोही तुझ्यासारखाच चारला उठलेला असता तर?

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत नेवार्कहून बफेलोला जाणारं कोलगन एअरचं विमान उतरण्याच्या तयारीत असताना कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. विमान तुझ्यासारखंच टर्बोप्रॉप होतं, क्यू-४००. को-पायलट २४ वर्षांची मुलगी. पगार तुटपुंजा. राहायची सिअ‍ॅटलकडे आणि ड्यूटी देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आदली रात्र विमानांत बसून काढून ती कामावर पोहोचली होती. सर्दी झाली होती. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती कॅप्टनला सांगते की असं वाटत असताना घरी असते तर निघालेच नसते, पण आता इथवर येऊन आजारी असल्याचं कळवलं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च खिशातून करावा लागेल. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे ठरलं, थकव्याचा वाटा नेमका किती हे सांगता आलं नाही. त्या मुलीला मी दोष देत नाही. पण त्या रात्री कॉकपिटमध्ये दोन माणसांबरोबर हॉटेलचं बिलही बसलेलं होतं, आणि तुझ्या कॉकपिटमध्ये ७८ हजारांचा हप्ता बसतो.

मी हे स्वतः केलंय. को-पायलट असताना कमांडसाठी थोडे तास कमी पडत होते, म्हणून नाक गच्च असतानाही उड्डाण घेतलं. खाली येताना डाव्या कानात तापलेली सळई घालावी तशी कळ आली. पडदा फाटला होता. सात आठवडे ग्राउंड झालो, म्हणजे जे तास वाचवायला गेलो त्याच्या कितीतरी पट घालवले. पण मला टोचतं ते वेगळंच. त्या डिसेंटमध्ये रेडिओवरचं मला अर्धंच ऐकू येत होतं आणि मी कॅप्टनला सांगितलं नाही. इतक्या वर्षांनीही ते आठवलं की जीव कसनुसा होतो.

नियम आज तुझ्या बाजूनं पूर्वीपेक्षा जास्त आहेत. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकानं जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेले एफडीटीएलचे (ड्यूटी आणि विश्रांतीच्या तासांचे) नियम २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये टप्प्याटप्प्यानं लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, रात्र १२ ते ५ ऐवजी १२ ते ६ धरली जाऊ लागली. त्याच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोहगावलाही लोक ताटकळले, आणि डीजीसीएला काही सवलती तात्पुरत्या द्याव्या लागल्या. लोकांनी तेव्हा पायलटांच्या झोपेला नावं ठेवली याचं मला वाईट वाटलं. जवळपास दोन वर्षं आधी जाहीर झालेल्या नियमासाठी माणसं वेळेत भरायला हवी होती.

तुझ्या बाबतीत एक बारकी गोष्ट आहे. सव्वासहाचं रिपोर्टिंग नियमाच्या भाषेत रात्रीत मोडत नाही. रोस्टर बनवणारा कायद्यानं बरोबर असेल. पण सलग चार दिवस पहाटे चारला उठणाऱ्या शरीराला सहाची रेघ कळत नाही. अशी फट नेमकी कुठे आहे हे ऑफिसला कळायला फटीग रिपोर्टशिवाय दुसरा मार्ग नाही. तो रिपोर्ट आजही लिही. चार दिवसांच्या रिपोर्टिंगच्या वेळा, प्रत्यक्ष मिळालेली झोप, आणि फ्लॅपचा कॉल ऐकू आला नाही, एवढंच. विशेषण एकही नको. कंपन्यांना या नोंदींचा अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यावा लागतो, आणि रिपोर्ट करणाऱ्याला शिक्षा होऊ नये, त्याचं नाव गुप्त राहावं हे त्याच नियमांत आहे. कागद आणि ऑफिस यांत अंतर असतं हे मी जाणतो. एखादा फोन येतो, 'काय रे, सगळं ठीक ना?' अशा सुरात. येऊ दे. मी काही वर्षं कमांडच्या इंटरव्ह्यूला टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. थकल्याचं कळवलं म्हणून आम्ही कुणाला मागे ठेवलं नाही. स्वतःचा थकवा ओळखता न येणाऱ्यांना मात्र ठेवलं, कारण डाव्या सीटवरच्या माणसाला, म्हणजे कॅप्टनला, कधी ना कधी दीडशे लोकांसमोर 'आज हे विमान निघणार नाही' म्हणावं लागतं.

आता पैसे. पायलटला पगार पुरत नाही असं म्हटलं की पुण्यात कुणी ऐकून घेत नाही. आकडा मोठा दिसतो खरा. पण हिंजवडीत तुझ्याएवढा पगार घेणाऱ्या मुलाला नोकरीच्या दारात पोहोचायला ६२ लाख लागलेले नसतात. तुझ्या कर्जाचं गणित मी मांडून बघितलं. चार वर्षांत तू ३७ लाखांवर रक्कम भरली आहेस आणि मुद्दल अजून साडेएकोणपन्नास लाखांच्या आसपास असेल. म्हणजे एवढं भरून कमी झालं ते जेमतेम साडेबारा लाख. बारा वर्षं पुरी होतील तेव्हा १ कोटी १२ लाख गेलेले असतील. हे वाचून छातीत धस्स झालं तर ते बरोबरच आहे. तुझी उधळपट्टी नाही, या धंद्यात शिरण्याची किंमतच मुलांच्या आणि त्यांच्या आई-बापांच्या अंगावर टाकलेली आहे. हे मला मान्य नाही आणि मी ते प्रत्येक व्यासपीठावर बोलत आलो आहे.

त्यात पगार तासांना बांधलेला. हमीचे तास (उड्डाण कमी झालं तरी ज्यांचे पैसे मिळतात ते) किती, यावर सगळं घर चालतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा एअरलाइनची उड्डाणं कोलमडली त्याच्या मुळाशी हेच होतं; नव्या करारात हमीचे तास ७० वरून ४० वर आले होते. आजारी पडलं की तास बुडतात, तास बुडले की पैसे बुडतात, म्हणून नाक वाहत असतानाही माणूस गणवेश चढवतो. नव्या कंपनीच्या ऑफरमध्ये '४० हजार जास्त' हे किती तासांवर धरलंय, ते पत्रात तू लिहिलेलं नाहीस. ते आधी विचार.

तरी तुझाच आकडा खरा धरू. २० लाख १२ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३५ हजारांच्या वर जातो. ४० मधले ३५ गेले, हातात पाच. त्यासाठी बाँडचे ९ लाख भरायचे. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती द्यायची. मग ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग यांत काही महिने स्टायपेंडवर काढायचे आणि जुना हप्ता मात्र दर महिन्याला चालूच. एवढं करून सीनियॉरिटीच्या रांगेत सगळ्यात मागे उभं राहायचं, तेही आज तू रांगेच्या तोंडाशी आला असताना.

नको. ही ऑफर आत्ता घेऊ नकोस.

टर्बोप्रॉपवर अडकून पडू ही भीती मला कळते. मित्रांचे जेटसमोरचे फोटो बघून काय होतं तेही कळतं. पण जुलैच्या पावसात, खाली आलेल्या ढगांत कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीआर उतरवणारा माणूस जे शिकतो, ते लांब धावपट्ट्यांवर ऑटोपायलटच्या भरवशावर लवकर शिकता येत नाही. आणि कमांडचे तास लॉगबुकात कायम राहतात. सीनियॉरिटी राहत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. त्यांच्याही कितीतरी आधी बंद पडलेल्या एका छोट्या कंपनीत मी होतो. चार महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. यादीतला माझा नंबर एका दिवसात रद्दी झाला, पण कॅप्टन म्हणून केलेले तास माझ्याबरोबर आले आणि तिसऱ्या महिन्यात मी दुसरीकडे डाव्या सीटवर बसलो होतो. ज्यांच्याकडे ते तास नव्हते त्या मित्रांना वर्ष-वर्ष घरी बसावं लागलं.

फक्त 'म्हणतात' या शब्दावर विसंबू नकोस. यादीत तुझ्यापुढे किती जण आहेत, किती कॅप्टन नोटीसवर आहेत, तुझ्या बाजूनं काय अपुरं आहे, हे ऑपरेशन्सला ईमेलवर विचार. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला, १५०० तास लागतात, तुझे ते केव्हाच झाले असतील. पेपर झालेत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मला त्याचीच काळजी वाटते. झाले नसतील तर पुढचे सगळे ऑफ त्यातच घाल, ऑफरचा विचार बाजूला ठेव. दीड वर्षात कमांडचं काही हललं नाही तर तोवर बाँड संपलेला असेल, मग पुन्हा मोजू. आणि कमांड मिळाली की नोटीस सहा महिन्यांची एक वर्ष होते. त्या वेळी कंपनीनं नवा बाँड पुढे केला तर आनंदाच्या भरात सही करू नकोस. वकिलाला दाखव.

कर्ज काढलंस तेव्हा तू बेकार विद्यार्थी होतास. आज चार वर्षं एकही हप्ता न चुकवलेला नोकरदार आहेस, शिवाय घर तारण आहे. बँकेत जाऊन दर कमी करून माग, नाहीतर दुसऱ्या बँकेत कर्ज हलव. उरलेल्या आठ वर्षांसाठी ११ चे साडेनऊ टक्के झाले तरी महिन्याला चार हजारांच्या आसपास वाचतात, एकूण पावणेचार लाखांपर्यंत. दर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी फेडण्याला दंडही नाही. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत आणि आठच वर्षं. त्यातली चार गेली. तुझा कोर्स त्यात बसतो का, आणि कुठल्या पद्धतीत कर कमी पडतो, हे सीएकडून एकदा करून घे.

आणखी एक. क्लास वन मेडिकल (वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) ही तुझी खरी मालमत्ता आहे. ती गेली तर पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. लॉस ऑफ लायसन्सचा विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत किती आहे ते बघ. उरलेल्या कर्जाएवढा नसेल तर वरचा स्वतः घे. कर्जाइतका टर्म इन्शुरन्सही हवा, कारण तुझ्या मागे ते घर आई-बाबांच्या डोक्यावर राहायला हवं. हा खर्च करताना हात आखडू नकोस.

आता बायोडाटा. तुझ्या आईनं तो आकडा खोटं बोलायचं म्हणून लिहिलेला नाही. पायलट म्हणजे एवढं मिळत असेल, असं तिला वाटतं आणि तू तिला कधी दुरुस्त केलं नाहीस. तुला लाज वाटते. २००९ च्या जानेवारीत हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलनबर्गर जगभर गाजत होते, तेव्हा पुढच्याच महिन्यात अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जाऊन त्यांनी सांगितलं की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेलाय आणि पेन्शन गेलीय. कौतुकाच्या भरात ते गप्प बसू शकले असते. त्यांनी आकडा सांगितला. तूही सांग. आधी घरी, कर्जाचं स्टेटमेंट आणि सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा टेबलावर ठेवून. मग त्या मुलीला, साखरपुड्याची तारीख धरण्याच्या आत. मध्यस्थाकडून निरोप पाठवू नकोस. तिच्याशी समोर बसून बोल. हातात काय येतं, हप्ता किती, महिन्यातले किती दिवस तू घरी नसतोस, आणि कमांड मिळाल्यावर काय बदलेल. तिनं नाही म्हटलं तर तो तिचा हक्क आहे. लग्नानंतर तिला हे कपाटातल्या फाइलमध्ये सापडलं तर तो मात्र तुझा अन्याय असेल.

झोप लागत नसेल, छातीवर दडपण राहत असेल तर तेही लपवू नकोस. डीजीसीएनं २०२३ मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्याबद्दल परिपत्रक काढलं आणि कंपन्यांना पीअर सपोर्टची व्यवस्था सुचवली. तुझ्या कंपनीत ती आहे का बघ. तिथे बोलणारा माणूस उड्डाण करणाराच असतो, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

यापुढचं तुझ्या बाबांसाठी. हे त्यांना वाचून दाखव.

दादा, तुम्ही कारखान्यात आयुष्य घालवलंत. बारा तासांच्या पाळीनंतर मशीनवर हात कसा चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलासाठी तुम्ही घर तारण ठेवलंत, आता एफडी मोडायला निघालात. ती मोडू नका. ते पैसे तुमच्या आणि वहिनींच्या औषधपाण्याचे आहेत, आणि वीस लाख तुमच्या म्हातारपणातून गेले काय किंवा बँकेकडून आले काय, ओझं त्याच्याच मनावर राहणार. त्याला तुमच्याकडून दुसरं काही हवंय. एखाद्या पहाटे तो हैदराबादहून फोन करील आणि म्हणेल, 'बाबा, आज मी ड्यूटीला नाही म्हणून कळवलं, या महिन्यात पैसे थोडे कमी येतील.' तेव्हा कारण विचारू नका. बरं केलंस म्हणा, आणि झोपायला सांगा.